कोड पी०ए८२ आलाय: हायब्रिड बॅटरीचा पंखा बदलायचा का?

पाचवा गिअर:

गाडी पेट्रोल-हायब्रिड आहे, सात वर्षं जुनी. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, मागच्या सीटच्या पाठीमागे बसवलेली. मागच्या आठवड्यात गाडीत माणसं भरलेली, डिकी गच्च, आणि लांबलचक चढण. अर्ध्यावर डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिमचा इशारा आणि चेक इंजिनचा दिवा एकदमच लागले. गाडी बंद पडली नाही, पण इंजिन सतत घुरघुरत राहिलं आणि पिकअप पार गेला. वर पोहोचून अर्धा तास थांबलो, पुन्हा सुरू केली तर काही झालंच नाही अशी चालली. दिवे मात्र तसेच.

माझ्याकडे ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारा) आहे. त्यात पी०ए८२ दिसतोय. एका गॅरेजमध्ये सांगितलं, पंख्याची पूर्ण असेंब्ली बदला. दुसऱ्याने गाडीकडे न बघताच "बॅटरी चालली" असं सांगून टाकलं. पंख्याचा आवाज मी तरी आजवर कधी ऐकलेला नाही, म्हणजे तो आधीपासूनच बंद असेल का? मल्टीमीटर वापरता येतो. काही सुटं करण्याआधी घरच्या घरी काय तपासू? आणि कोड उडवून बघू का?

जुना वायरमन:

कोड उडवू नका. आधी त्याच्यासोबत साठलेला फ्रीझ फ्रेम उघडा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दिवा लागला त्या क्षणी बॅटरीचं तापमान किती होतं, आत येणाऱ्या हवेचं किती, पंख्याला हुकूम कितीचा होता, सगळं तिथे असतं. एकदा कोड पुसला की हेही पुसलं जातं. गॅरेजवाले गाडी आत घेतल्या घेतल्या आधी हेच करतात आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसतात.

आता कोडबद्दल. पी०ए८१ ते पी०ए८५ हे सगळे एका घरातले. ८१ म्हणजे पंख्याच्या कंट्रोल सर्किटमध्ये गडबड. ८२ म्हणजे पंखा सांगितल्याप्रमाणे फिरत नाही किंवा थांबलेला आहे. ८३ म्हणजे थांबायला हवा तरी फिरतोय. ८४ आणि ८५ म्हणजे कंट्रोलच्या वायरवर व्होल्टेज नको तितकं कमी किंवा नको तितकं जास्त. "बॅटरी बदला" सांगणारा कोड वेगळा, पी०ए८०. तो तुमच्याकडे नाही, तेव्हा त्या दुसऱ्या महाशयांचं निदान सध्या बाजूला ठेवा.

८२ वाचून लोक पंखा बदलतात, कारण कोडच्या नावात पंखा आहे. पण कॉम्प्युटर पंख्याकडे डोळ्यांनी बघत नाही. तो एका वायरवरून पल्स पाठवतो, "एवढ्या वेगाने फिर" म्हणून, आणि दुसऱ्या वायरवरून पंख्याचं उत्तर ऐकतो. (जुन्या ब्रशवाल्या मोटरच्या गाड्यांत उत्तर म्हणजे मोटरवरचं व्होल्टेज, ब्रशलेसमध्ये फिरण्याचे पल्स.) हुकूम आणि उत्तर जुळलं नाही की कोड टाकतो. न जुळण्याचं कारण मोटरमध्ये असू शकतं, तसंच रिले, फ्यूज, कनेक्टर, अर्थिंग किंवा उत्तराच्या वायरमध्येही असू शकतं. त्यामुळे चार प्रश्न, याच क्रमाने: हुकूम सुटला का? करंट पोहोचला का? पंखा फिरला का? हवा हलली का? एकाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

आवाज ऐकला नाही याला पुरावा मानू नका. बॅटरी गार असेल तर पंखा फिरतच नाही, आणि कोमट असताना इतका हळू फिरतो की टायरच्या आवाजात ऐकू येत नाही. आवाज मुद्दाम काढावा लागतो. तुमच्या स्कॅनरच्या ॲपमध्ये अ‍ॅक्टिव्ह टेस्ट, म्हणजे ॲपवरून एखादा भाग चालवून बघायची सोय, आहे का बघा. साधी ॲप्स नुसते कोड वाचतात. त्या कंपनीच्या गाडीसाठी बनवलेलं ॲप घेतलं तर बहुतेक वेळा पंखा ॲपवरून हवा तेव्हा चालवता येतो. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये ० ते ६ अशा पायऱ्या असतात. गाडी उभी, एसी बंद, काचा वर, मागच्या सीटवर बसायचं आणि एकेक पायरी वाढवत कान द्यायचा. प्रत्येक पायरीला आवाज चढायला हवा, मध्येच अडखळता कामा नये.

सुरक्षेचं आत्ताच सांगतो, मग पुन्हा सांगणार नाही. पंखा स्वतः १२ व्होल्टचा आहे, त्याला मीटर लावण्यात धोका नाही. पण तो ज्या पेटीला हवा देतो ती शेकडो व्होल्टची. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्ट डीसी असतं, २८ मॉड्यूल (आतल्या छोट्या बॅटऱ्या), प्रत्येक ७.२ व्होल्टचं. नारिंगी वायर दिसली की तिथे थांबायचं. बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडायचंच नाही. पंखा किंवा डक्ट काढायची वेळ आली, तर गाडी पूर्ण बंद, चावी गाडीपासून लांब, १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह सुटी, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट मधूनच तोडणारा) काढलेला, हातात १००० व्होल्टचे क्लास शून्य इन्सुलेटेड हातमोजे, आणि इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ. बऱ्याच गाड्यांत तो दहा मिनिटं असतो. सर्व्हिस प्लग काढला तरी मॉड्यूलमधली वीज मॉड्यूलमध्येच राहते, हे लक्षात असू द्या.

फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि अ‍ॅक्टिव्ह टेस्टचा निकाल इथे टाका.

भाड्याची गाडी:

एवढं सगळं करण्याआधी मागच्या सीटजवळची जाळी बघा हो, पंखा हवा तिथूनच ओढतो. मी दिवसभर हायब्रिड चालवतो. ती जाळी कधी सीटच्या कडेला असते, कधी सीटच्या खाली, काहींत मागच्या काचेखालच्या फळीवर. प्रवासी त्यावर बॅग टेकवतात, जॅकेट टाकतात. बाहेरून बसवलेल्या सीट कव्हरने अख्खी जाळी झाकलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. कुत्रा-मांजर गाडीत बसत असेल तर मग विचारूच नका, केसांची गादी तयार होते आत. नवीन गाड्यांत जाळीमागे फिल्टर असतो, तो खेचून धुता येतो. मी तर कॉम्प्रेसरचा पाइप लावून जाळीतून एकदा जोरात हवा मारतो, सगळं साफ.

जुना वायरमन:

जाळीचं बरोबर. काही टोयोटांमध्ये तर बॅटरी कूलिंगच्या भागांची देखभाल करा, असा वेगळा संदेशच डॅशवर येतो. तो दुर्लक्षिला की पुढचं ओघाने येतं.

कॉम्प्रेसरचं मात्र नका सांगू कुणाला. जाळीतून हवा मारली की धूळ जाते कुठे? पुढे पंख्यात, आणि पंख्यातून मॉड्यूलच्या मधल्या फटींत. त्या फटी काही मिलिमीटरच्या. तिथे बसलेली धूळ पेटी उघडल्याशिवाय निघत नाही. शिवाय जोराच्या हवेने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. फिरवली जाणारी मोटर उलटी वीज तयार करते, ती जोडलेल्या सर्किटमध्ये शिरते ते वेगळंच. जाळी आणि फिल्टर व्हॅक्यूमने ओढून साफ करायचे. पंखा बाहेर काढला असेल तर चाक बोटाने धरून मऊ ब्रशने एकेक पातं.

जाळी गच्च असली की ८२ येईलच असं नाही, हेही सांगून ठेवतो. बॅटरीचा ब्लोअर म्हणजे पिंजऱ्यासारखं चाक, हवा मधून ओढतो आणि कडेने फेकतो. त्याचं तोंड बुजवलं तर त्याला हवा हलवावी लागत नाही, म्हणून ओझं कमी होतं, वेग वाढतो, आवाज बारीक आणि किंचाळल्यासारखा होतो, करंट उतरतो. कॉम्प्युटरला फिरण्याचे पल्स मिळत राहतात, त्याच्या मते सगळं छान. इकडे बॅटरी भाजत असते. काही नव्या गाड्या तापमानावरून हे ओळखतात, सगळ्या नाही. उलट ८२ आलाय म्हणजे उत्तर बिघडलंय, तेव्हा यांचा प्रश्न नुसत्या धुळीचा असेल असं मला वाटत नाही. तरी जाळी बघाच. टिश्यू पेपरचा तुकडा जाळीसमोर धरा, पंखा वरच्या पायरीला असताना तो चिकटून राहायला हवा.

पाचवा गिअर:

जाळी पाहिली. धूळ होती, पण हवा अडावी इतकी नाही. व्हॅक्यूमने काढली. फोटोतले आकडे: बॅटरीचे तीन सेन्सर ४६, ४९, ४७ अंश. आत येणारी हवा ३१. पंख्याला हुकूम ६ चा.

टेस्ट: पायरी १, २, ३ ला पंखा फिरतो, आवाज चढतो. (म्हणजे पंखा जिवंत आहे! मला तर तो मेलेलाच वाटत होता.) ४ ला अडखळतो, थांबतो, काही सेकंदांनी स्वतःच पुन्हा सुरू होतो. ५ आणि ६ ला तेच, आणखी लवकर.

मल्टीमीटरही लावला. पंख्याचं कनेक्टर काढून त्यात मोजलं तर १२.३ व्होल्ट. म्हणजे सप्लाय ठीक आणि पंखाच बाद, बरोबर ना?

जुना वायरमन:

आकडे छान दिलेत. आत येणारी हवा ३१ म्हणजे केबिनची हवा नीट येतेय. डक्टचा सांधा सुटला असता, तर डिकीतली गरम हवा ओढली जाऊन हा आकडा केबिनपेक्षा बराच वर दिसला असता. तिन्ही सेन्सर जवळजवळ सारखे तापलेत, मधला जरा जास्त. तो असणारच, मधल्या मॉड्यूलना दोन्ही बाजूंनी शेजारी असतात. एकच सेन्सर दहा-पंधरा अंशांनी पुढे पळाला असता तर मी म्हटलं असतं, त्या जागच्या मॉड्यूलचा अंतर्गत रोध वाढलाय. इथे अख्खी पेटी सारखी तापलीय, म्हणजे हवा कमी पडली.

सेन्सर खोटं बोलत नाहीत ना, हे बघायला एक फुकटची टेस्ट. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी स्टार्ट न करता तिन्ही सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचा सेन्सर वाचा. चारही दोन-तीन अंशांच्या आत हवेत. एखादा शून्याखाली चाळीसच्या आसपास दाखवत असेल तर त्याची वायर तुटलेली.

आता तुमचे १२.३. "बरोबर ना" म्हणालात, तर नाही. कनेक्टर काढून मोजलेलं व्होल्टेज काहीच सांगत नाही. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्णच असतो, पाइप आतून बुजलाय का ते नळ सोडल्यावर कळतं. मीटर जवळजवळ शून्य करंट ओढतो. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसेल. पंखा वरच्या पायरीला काही अँपिअर ओढतो, तेव्हा तो धागा उघडा पडतो. तुमचा पंखा खालच्या पायऱ्यांना चालतो आणि वरच्यांना मरतो, हे नेमकं तसंच लक्षण आहे.

मोजायचं असं. कनेक्टर जोडलेला ठेवा. मागच्या बाजूने, वायर जिथे कनेक्टरमध्ये शिरते तिथून, बारीक पिन सरकवून मोजा. इन्सुलेशनला भोक पाडू नका. पंखा ३ ला चालू. आधी पंख्याच्या पॉझिटिव्ह पिनपासून १२ व्होल्टच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत किती व्होल्ट पडतात ते, मग पंख्याच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. बऱ्याच हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची बॅटरीही मागेच असते, वायर लांब ओढावी लागणार नाही. मग ४ वर नेऊन पुन्हा. अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर काही दिसलं तर मला ते आवडणार नाही.

तो जमला नाही तर दुसरा मार्ग: पंख्याचं कनेक्टर काढून वायरिंगकडच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंग बहुधा बरी, लालसर पेटला तर चोर सापडला.

आणि हुकमाच्या वायरवर मीटर लावाल तर ५-६ व्होल्ट दिसून घाबरू नका. ते पल्स आहेत, मीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टचे पल्स अर्धा वेळ चालू असले तर मीटर ६ दाखवणार. त्यावर "व्होल्टेज कमी येतंय" म्हणून कॉम्प्युटर बदललेले लोक आहेत. मीटरवर ड्यूटीची (पल्स किती वेळ चालू असतात त्याची) टक्केवारी असेल तर ती वापरा, नाहीतर पल्सचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप.

शून्य धूर:

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी पूर्ण इलेक्ट्रिक आहे. फास्ट चार्जिंगला लावली की पुढून मोठा पंखा भणभणतो, चार्जिंग संपल्यावरही बराच वेळ. आणि अलीकडे चार्जिंगचा वेग मध्येच पडतो. बॅटरीचा पंखा जातोय का? मागे सीटजवळ मला कुठलीच जाळी सापडली नाही.

जुना वायरमन:

सापडणार नाही, कारण तुमच्या बॅटरीला बहुधा स्वतःचा पंखाच नाही. इलेक्ट्रिकमध्ये तीन जाती. एक, पहिल्या दोन पिढ्यांच्या निसान लीफसारखी, बॅटरीला पंखाही नाही आणि पाणीही नाही, जे काय गार व्हायचं ते पेटीच्या पत्र्यातून. दोन, हवेवाली: रेनॉ झोई, पहिली किया सोल ईव्ही, २८ किलोवॉट-तासांची पहिली ह्युंदाई आयोनिक इलेक्ट्रिक. तिथे वरचं सगळं बऱ्याच अंशी लागू. तीन, कूलंटवाली, आज बहुतेक सगळ्या. टेस्ला, कोना, नेक्सॉन ईव्ही या त्यात. कूलंट बॅटरीखालच्या प्लेटमधून फिरतो, चिलरमध्ये एसीचा गॅस त्याला गार करतो, आणि ती उष्णता पुढच्या कंडेन्सरवरून पंखा बाहेर टाकतो. तुमचा भणभणाट म्हणजे तो पंखा इमाने इतबारे काम करतोय.

वेग पडतो त्याचं कारण शोधायचं तर आधी बॅटरीचं तापमान वाचा. गरम असेल तर कूलिंग संशयित. गार असेल तरही वेग पडतो, थंड बॅटरी जास्त करंट घेत नाही, आणि ८० टक्क्यांच्या पुढे तर कुठलीही गाडी वेग उतरवते. हे आजार नाहीत. गरमच असेल तर टाकीतली कूलंटची पातळी, इलेक्ट्रिक पंप फिरतोय का, व्हॉल्व्ह सरकतोय का, एसी केबिनला नीट गार करतो का, कंडेन्सरच्या पात्यांत किडे-धूळ आहे का. अलीकडे कूलंट बदललं असेल तर आत हवा अडकलेली असणं फार कॉमन आहे, पंप फिरतो आणि पाणी हलत नाही. ती काढायला स्कॅनरवरून पंप चालवून हवा सोडावी लागते. आणि कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. काही ह्युंदाई-कियांत कमी विद्युतवाहकतेचा निळा येतो, त्यात दुसरा रंग मिसळायचा नाही.

यापुढचं वेगळा धागा काढून विचारा, इथे पाचवा गिअर यांचं काम अर्धवट आहे.

पाचवा गिअर:

झालं काम! पायरी ३ ला पॉझिटिव्हच्या बाजूला ०.१५, अर्थच्या बाजूला १.१. पायरी ४ ला अर्थ १.८ आणि लगेच पंखा थांबला. अर्थची वायर मागच्या सीटच्या कडेच्या पॅनलमागे बॉडीवर बोल्टने लावलीय. बोल्टभोवती पांढरट-हिरवी बुरशी, वायरचं टर्मिनल काळं. १२ व्होल्टची निगेटिव्ह काढून बोल्ट सोडवला, पत्रा आणि टर्मिनल सँडपेपरने चकचकीत केलं, घट्ट बसवलं. आता पायरी ६ ला ०.०७. पंखा एकदम सुरेख वर चढतो. सकाळी गार गाडीत चारही सेन्सर २४-२५.

पण एक कळलं नाही. १.८ व्होल्ट गेले तरी पंख्याला दहाच्या वर मिळतच होते. तेवढ्याने तो थांबतो कसा?

जुना वायरमन:

शाबास. नुसता व्होल्टेज कमी पडला म्हणून नाही. पंख्याची शून्याची पातळी आणि कॉम्प्युटरची शून्याची पातळी आता एक राहिली नव्हती. पंखा उत्तराची वायर आपल्या अर्थला खेचून पल्स देतो. त्याचा अर्थच १.८ वर बसला असेल, तर कॉम्प्युटरला त्या पल्सचं "शून्य" १.८ दिसतं. ते त्याच्या मर्यादेत बसलं नाही की तो म्हणतो उत्तरच नाही, पंखा थांबला, आणि कोड टाकतो. पंखा तेव्हा प्रत्यक्षात फिरत असला तरी. तुमचा खरोखर थांबत होता, कारण मोटरमधला कंट्रोलर अशा डगमगत्या सप्लायवर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि जरा दम घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. नवी असेंब्ली बसवली असती तरी ती याच बोल्टवर बसली असती.

आता कोड उडवा. मग एकदा भरलेली गाडी चढणीला घाला, शेजारी कुणाला तरी स्कॅनर बघायला बसवा. हुकूम ६ असताना तिन्ही तापमानं चढायची थांबून हळूहळू उतरायला हवीत. केबिनचा एसी चालू ठेवा, बॅटरी तीच हवा पिते. तरीही चढत राहिली तर पंखा बाहेर काढून पात्यांच्या खोबणी भरल्यात का ते बघावं लागेल.

आणि ते पॅनल लगेच बसवू नका. पांढरी-हिरवी बुरशी कोरड्या जागी येत नाही. तिथे पाणी आलंय. पॅनलमागे टॉर्च मारा, टेल लॅम्पचं गॅस्केट, डिकीचा रबर, मागच्या दाराचा रबर, जादा टायरच्या खोलगट भागात पाणी साचलंय का, कार्पेटच्या खालचा फोम ओला आहे का, सगळं बघा. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत बसून शोधायचं. बॅटरीच्या कॉम्प्युटरचं कनेक्टर आणि मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या याच उंचीवर असतात. त्यांना गंज चढला की व्होल्टेजचं रीडिंग हलायला लागतं, आणि मग तो पी०ए८० खरंच येतो. गळती सापडली की कुठे होती ते लिहा.